पांढऱ्या पट्ट्यामागचा टायर

विशेष प्रतिनिधी

मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या झाडांखाली जुन्या मोटारींची रॅली निघण्याच्या तयारीत उभी असते, तेव्हा बघ्यांच्या नजरा ठरावीक ठिकाणीच खिळतात. चकचकीत क्रोमचा बंपर, बॉनेटवरचे चिन्ह आणि चाकांवरचा तो शुभ्र पांढरा पट्टा. काळ्या टायरच्या बाजूवर गोल फिरलेल्या या पट्ट्याशिवाय १९५० च्या दशकातील अमेरिकन मोटार डोळ्यांना पुरी वाटतच नाही. मोटारींच्या जगात अशा टायरांना 'व्हाइटवॉल' म्हणतात. जुनी मोटार मेहनतीने उभी करणाऱ्या हौशी मालकाची शेवटची खरेदी बहुधा हीच असते. इंजिन झाले, रंग झाला, सीटची कव्हरे झाली. आता चार पांढऱ्या पट्ट्याचे टायर आणले की झाले!

रॅलीपुरत्या बाहेर पडणाऱ्या मोटारीला हे चालून जाते. ती वर्षातून दोन-चार वेळा, संथ गतीने आणि थोडेच अंतर धावते. मात्र हीच मोटार मालक दर रविवारी लोणावळ्याला नेत असेल, किंवा अमेरिकेतील हजारो हौशी मंडळींप्रमाणे रोज कचेरीत जाण्यासाठी वापरत असेल, तर हिशेब बदलतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला, की मोटार आणि रस्ता यांच्यात उरतात ते प्रत्येक चाकाखालचे तळहाताएवढे रबराचे चार तुकडे. त्या वेळी पट्टा अडीच इंच रुंद आहे की तीन, याला काहीच किंमत नसते. टायरची बांधणी कोणती, त्याचे वय किती, तो किती वजन पेलतो आणि तो ज्या रिमवर बसवला ती त्याला झेपते का, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच पट्ट्याचा विचार करावा. प्रत्यक्षात बहुतेक खरेदी याच्या अगदी उलट क्रमाने होते.

काटकसरीतून आलेली ऐट

या पट्ट्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अगदी सुरुवातीच्या काळात मोटारींचे टायर काळे नसत. रबरात झिंक ऑक्साइड मिसळलेले असे आणि त्यामुळे सगळा टायरच पांढुरका दिसे. हे रबर लवकर झिजे. पुढे १९१० च्या दशकात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी, रबरात मिसळली तर टायर कितीतरी पट टिकतो हे कारखानदारांच्या ध्यानात आले. मुलांचे क्रेयॉला खडू बनवणारी बिनी अँड स्मिथ ही अमेरिकन कंपनी त्या काळी ही काजळीही विकत असे, आणि गुडरिच टायर कंपनी तिचे मोठे गिऱ्हाईक होती. काजळी फुकट मिळत नसल्याने ती रस्त्याला घासणाऱ्या भागातच घालत. बाजू पांढरीच राही. त्यामुळे त्या काळी संपूर्ण काळा टायर हा महागडा आणि प्रतिष्ठेचा मानला जाई, तर पांढऱ्या बाजूचा साधा. पुढे सगळेच टायर काळे झाले आणि मग पांढरी बाजू ही ऐटीची, जास्तीचे पैसे मोजून घेण्याची वस्तू बनली. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियन युद्धाच्या काळात कच्च्या मालाच्या टंचाईमुळे हे टायर बाजारातून दिसेनासे झाले होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुंद पट्ट्यांचा जमाना होता. १९६२ च्या सुमारास पट्टा आकसून जेमतेम एक इंचावर आला.

या इतिहासात एक तांत्रिक मुद्दा दडलेला आहे. काजळी केवळ झीज रोखत नाही. ती रबराचे ऊन आणि हवा यांपासून रक्षणही करते. पांढऱ्या रबरात ती नसते. काळ्या रबरात तडे जाऊ नयेत म्हणून घातलेली काही रसायने पांढऱ्यात घातली तर ते पिवळे-तपकिरी पडते. म्हणून चांगल्या कारखान्यात पांढऱ्या पट्ट्यासाठी मुळातच ओझोनला दाद न देणारे वेगळ्या जातीचे रबर वापरतात आणि काळ्या भागातील रसायने पाझरू नयेत अशी व्यवस्था करतात. टायर तयार होताना हा पांढरा थर काळ्या रबराच्या पातळ आवरणाखाली असतो. नंतर ते आवरण घासून काढले की पट्टा उघडा पडतो. वजन पेलण्याचे काम आतल्या दोऱ्यांच्या थरांचे असते, पट्ट्याचे नव्हे. म्हणजेच नीट बनवलेला व्हाइटवॉल टायर केवळ पांढरा आहे म्हणून दुबळा ठरत नाही. तो 'नीट बनवलेला' आहे का, एवढेच पाहायचे.

नायलॉन की रेडियल?

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला नुसते 'नायलॉन' म्हणतात तो क्रॉसप्लाय टायर, आणि दुसरा रेडियल. १९५० च्या दशकातील अमेरिकन मोटारी क्रॉसप्लायवरच धावत. त्यात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेद देत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. बाजू आणि तळ एकाच कापडाचे असल्यामुळे बाजू वाकली की तळही वाकतो, रस्त्यावरची पकड सैल होते आणि टायर तापतो. रेडियलमध्ये दोरे सरळ आडवे जातात आणि तळाखाली पोलादी पट्ट्यांचा वेगळा वेढा असतो. बाजू खुशाल वाकते, तळ मात्र रस्त्याला सपाट चिकटून राहतो. मिशलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये हा टायर बाजारात आणला. युरोपने तो लवकर स्वीकारला. अमेरिकन मोटारींना तो सर्रास मिळू लागला १९७० च्या दशकात.

आज जुन्या मोटारींसाठी दोन्ही प्रकार नव्याने तयार होतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील कोकर टायर ही कंपनी जुन्या काळच्या नक्षीचे, जुन्या नावांचे क्रॉसप्लाय व्हाइटवॉल बनवून विकते आणि रुंद पांढऱ्या पट्ट्याचे रेडियलही. बाहेरून क्रॉसप्लायसारखा दिसणारा, पण आतून रेडियल असलेला टायरही आता मिळतो. स्पर्धेत गुण मिळवायचे तर क्रॉसप्लायच हवा, असे मूळ स्वरूपाचे कट्टर पुरस्कर्ते म्हणतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी रास्त आहे. मोटार जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच ती ठेवणे हाही इतिहास जपण्याचा मार्ग आहे.

पण रोज चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. क्रॉसप्लाय टायर रस्त्यावरच्या चरांच्या आणि सांध्यांच्या मागे जातो, मोटार डावी-उजवीकडे भरकटते आणि स्टिअरिंग सतत सांभाळावे लागते. रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळी पहिले काही किलोमीटर धडधडत जाते, कारण नायलॉनचे दोरे जमिनीला टेकलेल्या जागी चपटे बसलेले असतात. टायर तापला की हे जाते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना मात्र जो फरक पडतो तो सवयीने भरून निघत नाही. मोटार आठवड्यातून तीन-चार दिवस वाहतुकीत नेणार असाल आणि तिच्या रिम धडधाकट असतील, तर रेडियलच घ्यावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. पुढची मोटार नव्या टायरांवर आणि नव्या ब्रेकवर थांबते. तिच्यामागे आपणही वेळेत थांबायला हवे.

दोन्ही प्रकारांची भेसळ मात्र कदापि करू नये. एकाच आसावर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला क्रॉसप्लाय हे तर उघडच धोक्याचे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडीही तितकीच वाईट, कारण वळणावर पुढची चाके धरून राहतात आणि मागची सुटतात. ब्रिटनमध्ये ही जोडी बेकायदा आहे. दोनच रेडियल मिळाले तर ते मागे लावावेत. पण खरे म्हणजे चारही मिळेपर्यंत थांबावे.

एका बेल एअरचा हिशेब

आकड्यांचे उदाहरण घेऊ. १९५५ ची शेव्हरोले बेल एअर ही अशा मोटारींमधील सर्वांत लाडकी. तिच्या टायरचा मूळ आकार ६.७०-१५. म्हणजे टायरची रुंदी ६.७० इंच आणि रिमचा व्यास १५ इंच. या जागी बसणारा रेडियल म्हणजे २०५/७५ आर १५. यातला २०५ हा मिलिमीटरमधील रुंदीचा आकडा. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, सुमारे १५४ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि रिम मिळून टायरचा व्यास साधारण ६८८ मिलिमीटर येतो. मूळ टायरपेक्षा हा किंचित लहान असल्यामुळे स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून थोडा जास्त वेग दाखवील, एवढाच फरक.

आता वजन. टायरवर आकारानंतर ९७ एस असे काही लिहिलेले असते. त्यातला ९७ हा वजनाचा निर्देशांक; त्याचा अर्थ एक टायर ७३० किलो पेलतो. 'एस' हे वेगमर्यादेचे अक्षर, ताशी १८० किलोमीटरचे. बेल एअर रिकामी असताना सुमारे दीड टनाची. पाच माणसे आणि सामान धरले तर एकेका चाकावर पावणेपाचशे किलो किंवा थोडे अधिक येतात. पुढच्या चाकांवर इंजिनामुळे आणखी जास्त. ७३० चा टायर असेल तर हाताशी भरपूर राखीव ताकद उरते. ८२ निर्देशांकाचा एखादा स्वस्त टायर केवळ '१५ चा आहे, बसतो' म्हणून लावला, तर त्याची मर्यादा ४७५ किलो. म्हणजे भरल्या मोटारीत तो पहिल्याच दिवसापासून मर्यादेवर किंवा मर्यादेपलीकडे धावेल. १९५९ ची कॅडिलॅक तर दोन टनांहून अधिक भरते. तिला २३५/७५ आर १५ सारखा मोठा टायर लागतो. तेथे बेल एअरचा टायर चालणार नाही.

मोठा टायर छान दिसतो म्हणून उलट दिशेने जाण्याचाही मोह होतो. बेल एअरची मूळ रिम ५ इंच रुंदीची आहे. २०५ चा टायर तिच्यावर बसतो. २३५ च्या टायरला निदान ६ इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, तळ मध्ये फुगतो, आणि वळणावर टायर रिमवर डोलतो. प्रत्येक टायरसाठी किती रुंदीची रिम चालेल हे कारखानदार छापून देतात. दुकानदाराकडे ते मागावे. त्याला ते ठाऊक नसेल तर दुकान बदलावे.

रिम आणि ट्यूब

टायरपेक्षा रिमकडे दुर्लक्ष अधिक होते. ७० वर्षांची पोलादी चकती ही काही कमी म्हातारी वस्तू नव्हे. रेडियलची पकड अधिक, त्यामुळे वळणावर रिमवर पडणारा आडवा ताणही अधिक. ज्या रिम क्रॉसप्लायच्या जमान्यात घडवल्या गेल्या, त्यांच्या मधल्या तबकडीच्या आणि बाहेरच्या कड्याच्या सांध्यापाशी बारीक चिरा पडल्याचे प्रकार घडतात. व्हील कप वारंवार निसटून पडत असेल तर रिम लवचत असल्याची ती खूण असू शकते. म्हणून टायर चढवण्यापूर्वी रिमचा रंग पूर्ण काढून, गंज घासून, सांधे नीट तपासून घ्यावेत. समुद्राकाठच्या शहरांत टायरची कड जेथे बसते तेथेच गंज आधी धरतो, आणि तेथूनच हवा झिरपते.

दुसरा प्रश्न ट्यूबचा. अमेरिकन मोटारी १९५५ च्या मॉडेलपासून सर्रास ट्यूबलेस टायर घेऊन येऊ लागल्या. त्याआधीच्या मोटारींच्या रिमवर, विशेषतः जेथे तबकडी रिव्हेटने जोडलेली आहे तेथे, ट्यूबलेस टायर हवा धरून ठेवील याची शाश्वती नाही. तेथे ट्यूब लागते आणि ती रेडियलसाठीच बनवलेली हवी. रेडियलच्या बाजू सतत वाकतात; साधी ट्यूब आत घासून फाटते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला चिकटवलेले कागदी लेबल तसेच राहिले तरी ते महिनोन्महिने ट्यूबला घासत राहते. ही गोष्ट पंक्चर काढणाऱ्याला आधीच सांगितलेली बरी. १९३०-४० च्या दशकातील रिव्हेटच्या किंवा तारांच्या चाकांच्या मोटारींना मात्र क्रॉसप्लायच योग्य, आणि मग वेगही त्या काळचाच ठेवावा लागतो.

पट्टा कसा बसवला आहे?

साच्यातूनच पांढरा पट्टा घेऊन आलेला टायर सर्वांत उत्तम. दुसरा प्रकार असा, की एखाद्या नामांकित कंपनीचा साधा काळा रेडियल घ्यायचा, त्याची बाजू यंत्रावर मोजून घासायची आणि तेथे पांढरे रबर व्हल्कनाइझ करून एकजीव करायचे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील डायमंड बॅक ही कंपनी याच कामासाठी ओळखली जाते. काळजीपूर्वक केलेल्या या कामात हवा तेवढा रुंद पट्टा मिळतो आणि टायरही आधुनिक मिळतो, त्यामुळे रोजच्या वापराला हा मार्ग चांगला आहे. परंतु अशा वेळी दोन गोष्टी विचाराव्यात. मूळ टायर कोणत्या कंपनीचा आणि कधी बनलेला? आणि काही बिघडले तर हमी कोण देणार? बाजू घासल्यानंतर मूळ कारखानदाराने हमी पाळावी अशी अपेक्षा धरता येत नाही. ती पट्टा चढवणाऱ्यानेच लेखी द्यायला हवी. गल्लीतल्या एखाद्या कारागिराने हातातल्या ग्राइंडरने हेच काम केले, तर आतल्या दोऱ्यापर्यंत चाक पोहोचले की नाही हे टायर फुटेपर्यंत कोणालाच कळत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा. टायर आणि रिमच्या कडेमध्ये अडकवायच्या पांढऱ्या रबरी कड्या मिळतात. अमेरिकेत त्यांना 'पोर्टावॉल' म्हणतात. जुन्या क्रॉसप्लायची बाजू ताठ असे, म्हणून तेथे त्या कशाबशा चालत. रेडियलची बाजू प्रत्येक फेऱ्यात आत-बाहेर होते आणि कडी तिला कानशीप्रमाणे घासत राहते. आत धूळ-चिखल शिरला की हे काम अधिकच जलद होते. वेग वाढला की कडीची बाहेरची धार फडफडू लागते. प्रदर्शनात उभ्या असलेल्या मोटारीला या कड्या लावाव्यात. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला लावू नयेत. पांढरा रंग फासणे त्या मानाने निरुपद्रवी. रंग वाकत नाही, महिन्याभरात त्याला पापुद्रे सुटतात, एवढेच.

नवा दिसणारा म्हातारा

या सगळ्यांत जिवावर बेतणारी चूक मात्र वेगळीच आहे. जुन्या मोटारी कमी धावतात. त्यांच्या टायरची नक्षी दहा-पंधरा वर्षांनीही खोल असते. मालक अभिमानाने दाखवतो, "बघा, अजून कोरा आहे!" टायर गोटा झाला की बदलायचा, हे आपल्या मनावर इतके ठसलेले आहे की नक्षी शाबूत असलेला टायर फेकायचा म्हटले की जीव तुटतो. पण रबर वापराने झिजते तसे वापराविनाही म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता ही सगळी ते कडक करतात, आणि आतल्या पोलादी पट्ट्यांशी असलेली त्याची चिकटण हळूहळू सुटते. हे बाहेरून दिसेलच असे नाही.

इंग्लंडमधील सरे परगण्यात हाइंडहेडजवळ सप्टेंबर २०१२ मध्ये आयल ऑफ वाइटवरील संगीत महोत्सवाहून परतणारी प्रवासी बस रस्ता सोडून झाडावर आदळली. तिघे मृत्युमुखी पडले. बसचा पुढचा टायर फुटला होता. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा, म्हणजे खुद्द बसपेक्षाही जुना असल्याचे चौकशीत आढळले. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने त्यानंतर अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी आली. खासगी मोटारींना हा नियम लागू नाही. त्यांच्या टायरांचे रबर काही वेगळे नसते.

टायरचे वय वाचणे सोपे आहे. बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. शेवटी तीनच आकडे दिसले, तर तो २००० सालापूर्वीचा आहे आणि त्याची जागा रस्त्यावर नाही. ही ओळ कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला येते, तेव्हा मोटारीखाली डोकवावे लागते. व्हाइटवॉलच्या बाबतीतही हे घडू शकते, आणि पांढरी बाजू तर बाहेर ठेवावीच लागते. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला देतात. पाच वर्षांच्या वापरानंतर दरवर्षी तपासणी आणि काहीही झाले तरी दहा वर्षांनी बदल, असे मिशलिनचे सांगणे आहे. उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीसाठी यातली अलीकडची मर्यादाच धरावी.

येथे आणखी एक मोह टाळायला हवा. जुन्या गोदामात कागदात गुंडाळलेले, कधीही न वापरलेले, 'अस्सल त्या काळचे' व्हाइटवॉल अधूनमधून विक्रीला येतात आणि संग्राहक त्यांच्यावर तुटून पडतात. उभ्या मोटारीचे ते भूषण होऊ शकतील. त्यांच्यावर माणसे बसवून हमरस्त्यावर जाऊ नये.

किती पौंड हवा?

जुन्या मोटारींच्या पुस्तिकेत २४ ते २६ पौंड हवा सांगितलेली असते. ती क्रॉसप्लायसाठी आणि मऊ प्रवासासाठी. रेडियल लावल्यावरही कित्येक जण तेवढीच भरतात. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, अधिक तापतो, आणि उष्णता हीच पोलादी पट्ट्यांच्या चिकटणीची शत्रू. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले, त्यांतील बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या मोटारीवर होते. तळाचा थर सुटून झालेल्या अपघातांत अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्या प्रकरणात टायरची बनावट हा मुख्य वादविषय होता. पण फोर्डने सुचवलेली २६ पौंडांची कमी हवा आणि उन्हाळ्याची उष्णता यांचीही चर्चा तेव्हा भरपूर झाली. रेडियलला मोटारीच्या वजनानुसार साधारण २८ ते ३५ पौंड हवा लागते. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये आणि हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी. त्यासोबत अलाइनमेंटही नव्याने करून घ्यावे. जुन्या पुस्तिकेतील कोन क्रॉसप्लायसाठी ठरवलेले आहेत. रेडियलला ते तसेच ठेवले तर मोटार सरळ धावत नाही आणि टायरच्या कडा लवकर खाल्ल्या जातात.

आपल्या रस्त्यांवर

अमेरिकन मोटारींशी मुंबईचे नाते जुने आहे. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत शिवडीला होता, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडून बाजारात आणल्या. त्यांतील काही आजही धावत्या आहेत. शिवाय फियाट-पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडर आता हौसेच्या मोटारी झाल्या आहेत. त्यांचे मूळ आकार अनुक्रमे ५.२०-१४ आणि ५.९०-१५. त्यांनाही पांढरा पट्टा लावण्याची हौस वाढते आहे आणि वरचे सगळे नियम त्यांनाही लागू पडतात.

बाहेरून टायर मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. पैसे पाठवण्यापूर्वी परवान्याची आणि आयएसआय चिन्हाची स्थिती जाणकाराकडून तपासून घ्यावी. नाही तर टायर गोदीत पडून राहतो आणि त्याचे वय तेथेही वाढतच असते. नोंदणीचा मुद्दाही महत्त्वाचा. जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून, 'व्हीए' अक्षरांसह, स्वतंत्र नोंदणी करता येते. अशी नोंदणी केलेली मोटार नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची असते. तेव्हा रोज मोटार चालवायची असेल, तर कोणती नोंदणी घ्यायची हे टायरच्याही आधी ठरवावे लागेल. नक्षीच्या बाबतीत मोटारींसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. पावसाळ्यात एवढ्यावर विसंबू नये.

नवे व्हाइटवॉल निळसर लेप लावून येतात. तो पट्ट्याच्या रक्षणासाठी असतो. टायर चढवल्यावर कोमट पाणी आणि साबणाने धुऊन टाकावा. एरवीही साबण आणि मऊ ब्रश पुरतो. सर्व्हिसिंगच्या वेळी चाकांवर डिझेल वा रॉकेल मारण्याची आपल्याकडची सवय येथे महागात पडते. त्याने रबर फुगते आणि पांढरा पट्टा कायमचा डागाळतो. चकाकी आणणारी तेलकट द्रावणेही टाळावीत. मोटार सोसायटीच्या तळघरात उभी राहत असेल तर ती पाण्याच्या पंपाच्या खोलीपासून दूर ठेवावी, कारण विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. पांढऱ्या पट्ट्याचा एक फायदाही आहे. फुटपाथला घासलेली जागा, बारीक तडा किंवा आलेला फुगा त्यावर काळ्यापेक्षा चटकन दिसतो. धुताना हात फिरवून पाहावे. तडा पट्ट्याच्या आणि काळ्या रबराच्या सांध्यावरून गोल धावू लागला असेल, किंवा फुगा कितीही लहान असला, तरी तो टायर काढावा.

आणि डिकी उघडावी. चार टायर नवे घेतले तरी पाचवे चाक बहुधा तसेच राहते. मोटार विकत घेतली तेव्हा आलेले, क्रॉसप्लायचे, कोणत्या सालचे ते कोणालाही ठाऊक नसलेले. पंक्चर घाटात होते, रात्री होते, आणि मग तेच चाक पुढे लावून घरापर्यंत यावे लागते. त्याचेही चार आकडे वाचून घ्यावेत.